उरलेले तास

‘झालंच आता’ या दोन शब्दांवर आपला अख्खा देश चालतो, आणि त्या दोन शब्दांशी एकटीनं उभं वैर धरणारी बाई मी पाहिली आहे. डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला आमचा कारखाना होता. रासायनिक कारखान्यांना लागणारी मोठमोठी लोखंडी भांडी आम्ही बनवत असू. कुठलं काम कुठवर आलं आणि त्यावर किती तास गेले, याची नोंद ठेवणारं प्लॅनिंग खातं होतं, आणि त्या खात्यात या बाई होत्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, काखेत वही आणि अंबाड्यामुळे कायम कपाळावर घसरलेलं पिवळं हेल्मेट. त्या दुरून येताना दिसल्या की वेल्डर मंडळी एकाएकी फारच मन लावून वेल्डिंग करू लागत.

झालं किती, हे बाई कधीच विचारत नसत. उरलं किती, एवढंच विचारत. ‘झालेलं मला दिसतंय हो. उरलेलं तुमच्या पोटात असतं, ते बाहेर काढा,’ असं म्हणत. आमचे फोरमन तिथल्याच जुन्या गावातले, मनानं उदार, आणि आकडेही उदार हातानं देणारे. ‘झाला ना बाय, नव्वद टक्के झाला,’ असं ते म्हणाले की बाई शेजारच्या पेटाऱ्यावर बैठक मारत. ‘छान. मग राहिलेल्या दहा टक्क्यांत काय काय येतं, सांगा बघू.’ फोरमन बोटं मोजायला लागत, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर आले की स्वतःच चपापत. घरीही हीच तऱ्हा. मुलांना ‘अभ्यास झाला का’ असं त्यांनी जन्मात विचारलं नाही. माझ्या लग्नात त्यांनी थेट गुरुजींनाच गाठलं, ‘विधी किती उरलेत?’ गुरुजी सवयीनं म्हणाले, ‘झालंच, पाच मिनिटं.’ बाईंनी घड्याळात वेळ पाहून ठेवली. नंतर पंगतीत गुरुजींच्या शेजारचंच पान पकडून अतिशय प्रेमानं म्हणाल्या, ‘गुरुजी, पुढच्या लग्नात चाळीस धरा.’ गुरुजींना ठसका लागला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे संगणक आला आणि त्यात कामांचं वेळापत्रक मांडणारी प्रणाली आली. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. तास भरत गेलं की पट्टी काळी होत जाई. मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या कुणीतरी ती बसवून दिली, आणि तिथली रीत म्हणून रविवारी सुट्टी टाकून दिली. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं. त्यामुळे छापून आलेल्या कागदावर शुक्रवारचा रकाना होता आणि रविवारचा नव्हताच. तीन आठवड्यांनी बाई तो कागद घेऊन फोरमनसमोर उभ्या राहिल्या. ‘शुक्रवारी गेटला कुलूप होतं. नऊ माणसं आठ आठ तास आत काय करत होती?’ फोरमन शांतपणे म्हणाले, ‘रविवारला रकानाच नाय बाय. मंग रविवारचा काम शुक्रवारान भरला. तास वाया कशाला घालवायचं?’ बाई हसल्या नाहीत. माहितीपुस्तिका आणि शब्दकोश घेऊन दोन दिवस त्या संगणकापुढे ठाण मांडून बसल्या आणि आतलं कॅलेंडर बदलूनच उठल्या. संगणक त्या दिवशी खऱ्या अर्थानं डोंबिवलीकर झाला. त्याच बैठकीत ‘उरलेले तास’ भरायची जागाही त्यांना सापडली, आणि ती रिकामी ठेवणाऱ्याची मग खैर नसे.

याच सुमारास खात्याचे प्रमुख निवृत्त होणार होते. ती जागा बाईंना हवी होती, आणि तसं त्या उघड सांगत. ‘चौदा वर्षं या खात्यात काढलीत. मला ती खुर्ची हवीय. लपवायचं काय त्यात?’ शिफारस मॅनेजरसाहेबांच्या हातात होती, आणि तीही जवळजवळ झाल्यातच जमा होती. तेव्हा आमच्याकडे एक मोठं भांडं तयार होत होतं, पोटात शेकडो नळ्या असलेलं. ते बसवण्यासाठी गिऱ्हाईक आपला कारखाना बंद ठेवणार होतं, आणि बंदची तारीख पक्की करायला त्यांची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. त्या भांड्याची तपासणी माझ्याकडे होती, म्हणून साहेबांनी बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

‘उद्याच्या कागदावर नव्वद टक्के दिसू द्या,’ साहेब म्हणाले.

‘साहेब, चारशे तास धरले होते, त्यातले तीनशे साठ संपले. म्हणून नव्वद वाटतंय. पण नळ्यांचे जोड गळतायत. ते परत करायला आणखी दोनशेवीस तास लागतील. म्हणजे पाचशेऐंशीतले तीनशे साठ, बासष्ट टक्के.’

‘ते उरलेले तास उद्यापुरते भरू नका. एवढंच सांगतोय.’ मग साहेब माझ्याकडे वळले. ‘तू तर तिथेच असतोस. नव्वद आहे ना रे?’

आदल्याच दिवशी साबणाचं पाणी लावून ते गळके जोड मी माझ्या हातानं तपासले होते. मी मान हलवली. नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते, लग्न ठरलेलं होतं, हे सगळं खरं. पण मान मीच हलवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे जो कागद आला त्यावर बासष्ट होतं, आणि साहेबांनी कबूल केलेल्या तारखेच्या पाच आठवडे पुढची तारीख. खाली बाईंची सही. पाहुणे भडकले, टेबलावर हात आपटून झाले आणि शेवटी त्यांनी आपल्या कारखान्याचा बंद पुढे ढकलला. नाहीतर आमच्या भांड्याची वाट बघत तो नुसता बंद पडून राहिला असता. प्रमुखाची खुर्ची मुख्य कचेरीतून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांना शुक्रवारची सुट्टी बाईंनीच समजावून सांगितली. भांडं बाईंनी सांगितलेल्या आठवड्यातच गेलं. त्याबद्दल त्यांना कुणी साधं शाबास म्हटलं नाही. संध्याकाळी त्यांनी संगणकात शंभर भरलं, पट्टी टोकापर्यंत काळी झाली, आणि बाई पदरानं चष्मा पुसत बसल्या. तो पुसून स्वच्छ व्हायला बराच वेळ लागला. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं, आणि तरी मी डबा उचलून घरी गेलो.

दोन वर्षांनी मला ठाण्यात कोळशेतला दुसरी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी धीर करून त्यांच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, ‘बाई, त्या दिवशी केबिनमध्ये मी खोटं बोललो.’

‘माहीत आहे की. मी तिथेच होते.’ त्यांनी वही मिटली. ‘मी नवीन होते तेव्हा मलाही साहेबांनी असंच विचारलेलं. मीही मान हलवली होती.’

‘मग?’

‘मग काय! ज्या माणसाला त्या आकड्यापायी बोलणी बसली, तो रोज समोर दिसायचा. त्याला कधी सांगितलंच नाही मी. तुम्ही निदान सांगायला आलात.’

नव्या नोकरीत दुसऱ्याच महिन्यात तिथल्या साहेबांनी मला एका कामाचा आकडा विचारला. त्यांना कुठला हवाय ते दिसत होतं. मी खरा सांगितला आणि चारचौघांत बोलणी खाल्ली. घरी आल्यावर हे बाईंना लगेच कळवावंसं वाटलं. त्यांच्या घरी फोन नव्हता, म्हणून पत्र लिहायला घेतलं. अर्धं लिहून झालं, उरलेलं रविवारी लिहू म्हटलं, आणि ते पत्र काही गेलं नाही.