भोंग्यातलं कार्ड

वडिलांना मोबाईलवर आमचे चेहरे दिसत नसत. मोतीबिंदू काढूनही नजर अधूच राहिली. सोनईजवळच्या वस्तीवर ते एकटे, मी नगरला. म्हणून मी तळहातावर मावणारा एक छोटा कॉम्प्युटर आणला. त्यात मोबाईलची अँड्रॉइड सिस्टीम टाकायची, तो टीव्हीला जोडायचा, वर कॅमेरा बसवायचा, म्हणजे आम्ही त्यांना टीव्हीएवढे दिसणार. हे सगळं त्यांच्यासाठी आहे, असं मी सांगत होतो. खरं तर दर रविवारची खेप मला टाळायची होती.

सिस्टीम मेमरी कार्डावर उतरवून ते कार्ड या कॉम्प्युटरात घालावं लागतं. मी नेलेलं कार्ड लॅपटॉप धरेना. वडील डेअरीवर दूध घालायला गेले होते. गोठ्याच्या मेढीला पाखरं हाकायचा भोंगा टांगलेला होता. ज्वारी हुरड्यात आली की त्यातल्या कार्डावर भरलेला हाकारा दिवसभर वाजायचा. आता रानात ऊस होता, तरी वडील रोज संध्याकाळी तो लावायचे. शेजारचे काका विचारायचे, "उसाला कुठली पाखरं, नाना?" आम्ही सगळे हसायचो.

मी भोंग्यातलं कार्ड काढलं. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं लॅपटॉपने विचारलं. हाकारा काय, पुन्हा भरता येईल, असं वाटलं. मी होकार दिला.

टीव्हीवर बराच वेळ काळा पडदा होता, मग एकदाची मोबाईलसारखी चित्रं उमटली. वडील परतल्यावर नगरला घरी व्हिडिओ कॉल लावला. वडिलांनी नातीच्या गालावर, म्हणजे काचेवर, हात फिरवला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी भोंग्याची वायर बॅटरीला लावली. नुसती खरखर आली. त्यांनी वायर काढून पुन्हा लावली.

"बॅटरी बसली वाटतं," ते म्हणाले.

तेव्हा मला आठवलं. वडिलांचा घसा बसका, म्हणून तो हाकारा आईने भरला होता. बांधावर तिच्यासमोर भोंगा धरून मीच उभा होतो. ती गेल्यावर तिचा आवाज त्या कार्डाशिवाय कुठेच उरला नव्हता.

पुढच्या रविवारी ते कार्ड काढून पुसलेलं परत मिळवायचे प्रोग्राम चालवून पाहिले. काही मिळालं नाही. कार्ड मुकाट्याने परत कॉम्प्युटरात बसवलं.

आता ते टीव्हीवरून बोलतात. कॅमेऱ्याच्या इतके जवळ येतात की मला नुसतं कपाळ दिसतं. पोरीची चौकशी करतात, उसाच्या तोडीचं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "येताना भोंग्याची बॅटरी आन. कधीचं सांगतोय तुला."

मी हो म्हणतो. बॅटरी कधीच घेतली आहे, गाडीच्या डिकीत आहे. ती बसवली तरी भोंगा बोलणार नाही आणि त्यांना कळेल, म्हणून मी जात नाही.