औषधाला शिवू नको

"घाण काढ अन् भायेर हो. औषधाला शिवू नको, म्हारडे."

मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेला देशमुख मला असं म्हणाला. त्याच्याखालून काढलेलं भांडं अजून माझ्या हातात होतं. पुरुषांच्या वॉर्डातला माझा पहिला दिवस.

त्याआधी सहा वर्षं मी पोरांच्या वॉर्डात होते. निजामाचं राज्य. तालुक्याचा सरकारी दवाखाना. मिशनच्या एका बाईनं मला नर्सचं काम शिकवलं, उर्दू लिहायला शिकवलं. पोरांना सुई मी द्यायची. ताप मी मोजायची. नाक दाबून कडू औषध मीच पाजायची. बरं झालेलं पोर घरी जाताना माझं बोट सोडायचं न्हाय. आया जात इचारायच्या. पण पोर फणफणलं की त्याच इसरायच्या.

पुरुषांकडं माणूस कमी पडलं, अन् मला तिकडं टाकलं. मोठ्या माणसाचं अंग जड. कूस बदलताना कंबर मोडायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून देशमुखाला दिवसातून कितीदा तरी वळवायची. तवा माझा हात त्याला चालायचा. औषधाच्या वेळेला तोच हात बाटवायचा.

डाक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली न्हाय.

"बाई, हुज्जत नको. औषध कंपाउंडर देईल. तू बाकीचं बघ."

बाकीचं म्हणजे गू-मूत. अंगावर नर्सची साडी, अन् नर्सचं काम दुसऱ्याच्या हातात.

नोकरी सोडून जायचं कुठं? नवरा प्लेगात गेलेला. राहायची खोली दवाखान्याची, तिच्यात म्हातारी आई. तेरला, माहेरी परत जावं तर तीच गावाभायेरची वस्ती, तीच मागून आणलेली शिळी भाकर. चार महिने दात आवळून काढले.

एका दुपारी कंपाउंडर आलाच न्हाय. देशमुखाचं हाड अजून जुळलं नव्हतं, त्यात अंग तापानं भाजत होतं. मी त्याला पुसून काढलं. साबणानं हात धुतले. औषधाचा पेला त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ गच्च मिटले. पोर असतं तर नाक दाबलं असतं.

"मालक, आत्ताच ह्या हातानं तुमाला साफ केलं. तवा न्हाय बाटलात?"

"माजलीस व्हय गं?"

"औषध घेता का न्हाय, तेवढं सांगा."

त्यानं पेला उडवला. औषध माझ्या साडीवर सांडलं. खाटेला अडकवलेला त्याच्या आजाराचा कागद मी घेतला अन् उर्दूत लिहिलं, रोग्यानं नर्सची जात बघून औषध नाकारलं. खाली माझी सही केली.

संध्याकाळी डाक्टरांनी ते वाचलं. "हे फाड आधी. देशमुखाच्या घरच्यांना कळलं तर मला इथं राहू देणार नाहीत."

"तुमी फाडा. म्या न्हाय फाडनार."

त्यांनी फाडलं. माझ्यासमोर, चार तुकडे केले. मग म्हणाले, "जा, त्याचं भांडं काढ."

"काढते. पन औषधबी म्याच देनार. समद्या खाटांना."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

आठ दिवसांत नोकरी गेली. खोलीही गेली. आईनं रडत तेरची वाट धरली. मी तिला थांबवलं. उमरग्याच्या रस्त्याला एक दवाखाना नवा निघाल्याचं ऐकलं होतं. तिथल्या डाक्टरपुढं उभी राहिले तवा बसायच्या आधीच सांगितलं, "म्या म्हाराची हाय. नर्स हाय. रोग्याची घाण म्या काढीन अन् औषधबी म्याच पाजीन. न्हाय चालत, तर आत्ताच सांगा. पुना अर्धं काम म्या करनार न्हाय."