पंपाने पाणी सोडले त्या आठवड्यात

चंद्रभानला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते १९७३च्या एप्रिलमध्ये. आमच्या शाळेच्या मुलींना घेऊन मी तरणतलावावर गेले होते. पंपाच्या खोलीच्या दारात एक माणूस पालथा पडून लोखंडी पाइपाला कान लावून होता. मला वाटले, ऊन लागले. मी घाईने विचारले तर त्याने हात वर केला.

"जरा हळू बोला बाई. आवाज ऐकून राहिलो."

तिशीचा, किडकिडीत, नागपुरातल्या इंदोऱ्याचा. आधी मिलमध्ये बदली कामगार होता, तिथल्या बॉयलरवाल्याकडून पंपांचे काम शिकला. तलावावर त्याला दोन वर्षे झाली होती, तीही रोजंदारीवर. कामाला लागताना सदरा काढून, चार घड्या घालून तो कोनाड्यात ठेवी. ऑफिसात बोलावले तर खुर्चीला पाठ न लावता बसे. माझ्या सातवीतल्या पोरींनाही तो "ताई" म्हणे आणि त्या हसल्या तरी बदलत नसे.

मेच्या तिसऱ्या रविवारी शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा ठरल्या. त्याच संध्याकाळी तलावाची समिती पंपवाल्याची कायम जागा भरणार होती. तलावाचे व्यवस्थापक मनोहरराव त्याला माझ्यासमोरच म्हणाले, "रविवारी तळाची काळी रेघ वरून दिसली पाहिजे. दिसली तर तुझं नाव मी स्वतः सांगतो. नाही तर दुसरा माणूस आहेच." रेघ दिसत नसेल तर स्पर्धाच होणार नव्हत्या, कारण बुडालेले मूल दिसणार कसे? नागपूरच्या मेमध्ये पंप दीड दिवस थांबला की पाणी हिरवे होते.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे होते तेच झाले. दिसेल त्याला रंग. कुंपण, बाके, कुंड्या, झाडांची बुडे. बुधवारी पाणी वीतभर उतरवून कडेच्या लाद्या घासल्या आणि गुरुवारी सकाळी नळाने तलाव पुन्हा काठोकाठ भरला.

गुरुवारी दुपारी तीनला पंपाने पाणी सोडले, म्हणजे ओढायचे थांबवले. मोटर फिरत होती, पण पाइपातून पाण्याऐवजी नुसती हवा खडखडत होती. चंद्रभानने पंप बंद केला, जाळीच्या डब्याचे झाकण उघडून बादलीने पाणी भरले, पुन्हा चालू केला. पाच मिनिटे चालला आणि सुटला. शुक्रवारी सकाळी मात्र काही झालेच नसावे तसा चालला आणि दुपारी पुन्हा तेच.

त्याने पंपाच्या दांड्याभोवतीची, ग्लँडमधली डोरी बदलली. झाकणाखाली नवे रबर बसवले. पाइपाच्या आट्यांवर सफेदा आणि सूत लावले. शेवटी पंप चालू ठेवून एकेका जोडाशी पेटती उदबत्ती धरली. कपडे बदलायच्या खोल्या झाडणारी इंदूबाई दारातून पाहत होती.

"काहून गा चंद्रभान, पंपाले ओवाळून राहिला? पाटावर बसव ना त्याले!"

"हस वं तू. हवा आत कुठून शिरते ते पाहून राहिलो. जिकडे धूर ओढला जाईन, तिथं भोक."

"मंग?"

"कुठंच नाही ओढत." तो हसला नाही. उदबत्ती त्याने पुन्हा पहिल्या जोडाशी नेली. शनिवारी सकाळी काळी रेघ अर्धीच दिसत होती.

शनिवारी दुपारी दोनला पंप पुन्हा सुटला, तसा मी मुलींचा सराव थांबवला. चंद्रभान कंबरभर पाण्यात उतरून भिंतीतल्या स्किमरपाशी उभा होता. स्किमर म्हणजे पाण्याच्या पातळीवरचे चौकोनी तोंड; पालापाचोळा त्यातून ओढला जातो आणि पंपाला पाणीही तिथूनच मिळते. तळाचा व्हॉल्व्ह वर्षभर जाम होता. तोंडाशी एक झडप असते. पाणी ओढले की ती आत कलते, पाण्याबरोबर वरखाली होते.

ती झडप कलत नव्हती. ताठ उभी होती. रात्री नळ सोडून सकाळी पाणी काठोकाठ असताना ते तिच्यावरून आत जाई. दुपारी उन्हाने आणि तीस पोरींच्या धिंगाण्याने पातळी दोन बोटे उतरली की झडपेच्या मागचा खण कोरडा पडे आणि पंप हवा ओढी. त्याने झडपेवर बोट फिरवले. बोटाखाली निळा ऑइलपेंट होता, बिजागरीत गच्च वाळलेला. समोरच्या स्किमरचेही तेच.

"म्याच लावला बाई," तो हलकेच म्हणाला. "लाद्या चकचकीत झाल्या, हे मळकं दिसून राहिलं होतं. म्हटलं, पाहुण्यायले बरं दिसन."

त्याने पटाशीने रंग खरवडला. झडपा कलल्या. पंपाने पाणी धरले आणि सुटले नाही. रंगाचे कपचे त्याने मुठीत गोळा केले होते तेवढ्यात मनोहरराव आले, मागे इंदूबाई, रडवेली.

"सापडलं मला," ते म्हणाले. "ही बाई दुपारी खोल्या धुवायला पंपाच्या पाइपालाच नळी लावते. तिथूनच हवा शिरते. उद्यापासून हिचं काम बंद!"

"सायेब, लेकराची आण, म्या नळी लावली नाही!"

पंप नीट चालत होता. झडपांचे फक्त चंद्रभानला आणि मला माहीत होते. आणि खरे लिहायचे तर, त्या क्षणी मी मनात म्हणत होते, गप्प राहा रे. उद्या तुझे काम होईल, इंदूबाईचे मी नंतर पाहीन. मास्तरीण असून मला असे वाटले.

त्याने मूठ उघडली.

"तिले काहून बोलता साहेब? झडपायले रंग म्या लावला. त्यानं अटकल्या."

"तू? दोन वर्षं पंप चालवून?"

"हो साहेब."

मनोहररावांनी कपच्यांकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि ते ऑफिसात निघून गेले. इंदूबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "येडा आहेस गा तू." चंद्रभान पाणी निवळण्यासाठी तुरटी आणायला निघून गेला होता.

रविवारी काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली. आमची एक मुलगी दुसरी आली. संध्याकाळी समितीत मनोहररावांनी चंद्रभानचे नाव सांगितले नाही. मी सदस्यांना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. जूनच्या पहिल्या तारखेला चंद्रभानने पंपखोलीची किल्ली इंदूबाईच्या हाती दिली आणि नागपूरबाहेर वाडीला एका मिस्त्रीच्या हाताखाली लागला.

त्याला पंधरा वर्षे झाली. आता वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे, त्याचे स्वतःचे पंपदुरुस्तीचे दुकान आहे. कामाला लागताना तो सदरा अजूनही चार घड्या घालून कोनाड्यात ठेवतो.