उंचावरून घातलेलं दही

नात सॉकरच्या ट्रायआउटला निघाली, म्हणून तिच्या हातावर दही घातलं. तो आंबूस वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं, टेक्सासमधल्या शुगर लँडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

रविवारी आमच्यात सॉकर खेळायला येणारा घानाचा क्वामे निरोप घ्यायला आला होता. विशीतला पोरगा, बेल्जियमच्या एका क्लबनं त्याला घेतलं होतं. पुण्याहून आलेली माझी आई म्हणाली, "लांब निघालाय, हातावर दही घालते." मी त्याला प्रथा समजावली. त्यानं मोठ्या भक्तीनं तळहात पुढे केला. माझ्या हातावर चमचा टेकवून दही घालणाऱ्या आईनं त्याच्यासाठी मात्र तो वीतभर उंच धरला, शिवाशिव नको म्हणून. दही पचकन पडलं, शिंतोडे त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाले. तो हसला. मी नॅपकिन शोधत राहिलो.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. पहिल्याच मॅचमध्ये त्यानं गोल केला होता.

"निघताना दही घेतलं होतं," तो आनंदानं सांगत होता. "अगदी तुझ्या आईसारखं, उंचावरून."

फोनवर कुणी बघत नसतं. तरी माझी मान खाली गेली.