फांदीकाकूंचा अनंत

फांदीकाकू कुणाच्याही घरी गेल्या, की आधी कुंड्यांकडे बघत आणि मग माणसांकडे. "तब्येत सुधारली की!" असं त्या दारातूनच म्हणत, तेव्हा घरातल्या आजारी माणसानं खूश व्हायचं कारण नसे, ते जास्वंदीला उद्देशून असे. निघताना त्यांच्या पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेली बोटभर फांदी हमखास असायची. ती त्यांनी मागितलेली नसे, कुणी दिलेलीही नसे. सरळ चोरलेली असे.

महाडच्या आमच्या आळीत त्या तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, माडीवर. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांच्या अंगणातली अबोली बघून मी म्हटलं, "काकू, एक फांदी द्याल मला?" त्यांचा चेहरा असा पडला, की आपण काही भलतंच मागितलं की काय, असं मला वाटलं. "मागू नको गो. मागितलेलं जगत नाय. तू बस इथं, मी चा टाकून येते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी शहाण्या सुनेसारखी हाताची घडी घालून बसून राहिले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन त्यांनी अबोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगो मेले, एवढा वेळ चा उकळवला तो कशाला?"

चोरलेलं झाड जगतं, असं आपल्याकडे पुष्कळ बायका म्हणतात. काकूंनी मात्र त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. फूल तोडायचं नाही, फांदीच घ्यायची. कात्री न्यायची नाही, नखानं खुडायचं, कारण "कात्री नेली म्हंजे ठरवून गेलो असं व्हतं." जणू ओला रुमाल पर्समध्ये आपोआप उगवायचा! आणि देवळातलं झाड वर्ज्य. त्याचं कारण मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देव कुठं चा टाकायला आत जातो?"

त्यांच्या अंगणात झाडं आपापल्या गावाच्या नावानं ओळखली जात. "वीरला पाणी घातलं का?" "पोलादपूर यंदा रुसलंय." वीर म्हणजे तिथल्या रेल्वे स्टेशनाजवळच्या कुणाच्या तरी कुंपणावरची बोगनवेल. तिच्यापायी काकूंची गाडी चुकली होती आणि गाडीपायी चुलतपुतणीचं लग्न. त्यांचे यजमान, नाना, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जात. तिथल्या एका समारंभाला काकू चष्मा विसरून गेल्या आणि कोपऱ्यातल्या वेलीची फांदी घेऊन आल्या. रोज पाणी घातलं. पान गळेना की नवं फुटेना. शेवटी नानांनी धूळ बसली म्हणून ती फडक्यानं पुसायला घेतली, तेव्हा कळलं की प्लास्टिकची आहे. "पण जगली का नाय?" काकू म्हणाल्या आणि पुढेही बरेच दिवस ती कुंडीत होती.

अंगणात सगळ्यात जास्त मान उमरठला. उमरठ हे काकूंचं माहेर आणि 'उमरठ' म्हणजे त्यांच्या पायरीजवळचं अनंताचं झाड. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा आईच्या परसातून त्यांनी त्याची फांदी चोरली होती. मला नवल वाटलं. म्हटलं, "आईनं तर मुळासकट दिलं असतं."

"म्हणून तर नाय मागितलं. दिलेलं सुकलं तर माणूस दुसरं मागतो. चोरलेलं सुकलं तर परत कुठल्या तोंडानं जायचं? मंग जपावंच लागतं."

पुढे आई गेली, भावानं परसात लादी घातली आणि त्या घराचा अनंत उरला तो काकूंच्याच दारात. पुढच्या चहाच्या वेळी मी शहाणपणा सोडला आणि त्याची एक फांदी खुडून माडीवर डब्यात लावली. बाजारातून आणलेल्या एकाही रोपाला मी तिच्याइतकं जपलं नाही. काकूंचं शास्त्र मला तेव्हा पटलं.

मग एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी आळीत शिरलं. काकू आणि नाना आमच्याकडे माडीवर आले. पाणी उतरल्यावर खाली सगळा चिखल. कपाटं आडवी, फ्रिज उताणा. काकूंनी पदर खोचून भांडी घासली, गाद्या बाहेर काढून टाकल्या, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. अंगणात मात्र उमरठच्या जागी नुसता गाळ बघितला आणि पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. "आईचं तेवढंच व्हतं गो माझ्याकडं."

लोकांनी रोपं आणून दिली. काकूंनी ती घेतली, तोंडभरून कौतुक केलं आणि महिन्याभरात सगळी वाळली. मग आळीतल्या बायका उमजल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू ज्या घरी जात, तिथली बाई "बसा हं, आलेच" म्हणून आत गडप होई. एका घरी तर व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांना खुर्चीसकट आत नेलं. ते बिचारे "काय झालं, काय झालं" विचारत राहिले. काकूंचं अंगण हळूहळू पुन्हा हिरवं झालं.

फक्त अनंत नव्हता. माझा अनंत तोवर चांगला छातीएवढा झाला होता. त्या वर येत, त्याच्या पानांवरून हात फिरवत, मी आत चहा आटेपर्यंत उकळवत बसे आणि त्या रिकाम्या हातानं खाली जात. शेवटी न राहवून मी कारण विचारलंच.

"तो माझाच ना गो," त्या हळूच म्हणाल्या. "आपलंच आपण घेतलं तर ती चोरी कशी? आन् चोरी नाय तर जगायचा नाय. मंग काय करू मी?"

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं.

नाना निवृत्त झाले आणि पनवेलच्या मुलानं दोघांना तिकडेच बोलावलं. तळमजल्याचा काही भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. निघायच्या दिवशी काकू निरोप घ्यायला वर आल्या. नजर अनंतावर. मला काय झालं कोण जाणे, मी एकदम कडाडलेच. "हे बघा काकू, हा अनंत माझा आहे. मी चोरलाय, मी जगवलाय. याचं एक पानसुद्धा मी कुणाला देणार नाही. तुम्हालाही नाही!"

आणि त्याच दमात मी म्हटलं, "बसा, चहा टाकते."

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पर्स काखेत घट्ट धरून. चहा अर्धाच प्यायल्या. अनंताकडे मी मुद्दाम बघितलं नाही. त्यांना रिक्षेपर्यंत पोचवून आले आणि मग खूप रडले.

परवा त्यांचा फोन आला. आवाज थकलेला, पण खुशीत. म्हणाल्या, "उमरठला कळी धरली गो."

"अगं बाई! कुठून आणलंत?" मी विचारलं.

"हाय एक बाई महाडात," काकू म्हणाल्या. "द्यायला तयार नव्हती."