रतिलालभाऊंकडे ठेवायला दिलेले चेहरे

धरणगावात स्टँडजवळ रतिलालभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट, सगळे फोटो ते काढतात. पण आसपासच्या खेड्यांत त्यांचं नाव आहे ते वेगळ्याच फोटोसाठी. वय झालं की माणसं ठेवणीतलं लुगडं नेसून, नाहीतर कडक टोपी घालून येतात आणि स्टुलावर बसून म्हणतात, "काढ रे भाऊ, भितवरना फोटो." म्हणजे माघारी हार घालायचा तो. काढून झाला तरी तो कुणी घरी नेत नाही. जिवंतपणी असला फोटो घरात असणं बरं नव्हे, अशी समजूत. "तुनाजोडेच ऱ्हाऊ दे," म्हणायचं आणि चालू लागायचं. पुढे वेळ आली की मुलगा येऊन नाव सांगतो आणि भाऊ कॉम्प्युटरमधला फोटो छापून, फ्रेम करून हातात देतात.

या ठेवीचा भाऊंना भारी अभिमान. सोनं लोक बँकेत ठेवतात, चेहरा माझ्याकडे ठेवतात, असं ते चहाच्या टपरीवर ऐकवायचे. आणि कुणाचाही चेहरा पडलेला चालायचा नाही त्यांना. त्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "अक्का, अशी बठ की घरच्यास्ले वाटाले जोयजे, हाई अजून वीस वरीस कोठेच जास नई!" अजून वीस वर्षं कुठे जात नाही, हे ऐकून म्हातारी हसली की बटण दाबायचं.

एवढा जपून राहणारा माणूस फसला तो फुकटच्या मोहाला. लग्नाचे अल्बम जुळवायचं नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं सोडून त्यांनी फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली लिंक उघडली. सोबत सूचना होती, बसवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. भाऊंनी तो इमानेइतबारे बंद केला. राखणदाराला सुट्टी देऊन दार उघडं टाकलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर जड चालू लागला. मागे जोडलेल्या हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता. त्या डिस्कवर सगळ्या फोटोंची दुसरी प्रत असायची. सारखं काढा-घाला केलं की पिन ढिली होते म्हणून भाऊ ती कायम जोडलेलीच ठेवत. दिवा बघून त्यांना बरंच वाटलं, प्रत तयार होते आहे असं वाटलं. प्रत्यक्षात तीही फाईल बाय फाईल कुलूपबंद होत होती. थोड्या वेळाने प्रत्येक फोटोच्या नावाला एक विचित्र शेपूट चिकटलं आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला: तुमच्या फाईलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर खंडणी भरा.

शेजारच्या प्रज्ञाला त्यांनी फोन लावला. भाऊंच्या डोळ्यांदेखत वाढलेली ही मुलगी आता धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने आधी इंटरनेटची वायर आणि डिस्क उपटायला लावली आणि सकाळच्या बसने येते म्हणाली.

आली ती कामालाच बसली. पडद्यावरच्या धमकीचा फोटो घेतला, सायबर पोलिसांकडे तक्रार टाकली. अशा कुलपांच्या किल्ल्या ज्या वेबसाइटवर फुकट मिळतात तिथे शोधलं. या कुलपाची किल्ली अजून निघालेली नव्हती.

"मी भरतो त्यांना काय हवं ते," भाऊ म्हणाले.

"काका, पैसे घेऊनही ते किल्ली देतील याचा काय भरवसा? आणि एकदा दिले की पुन्हा मागतील."

कुलपातल्या सगळ्या फाईली तिने एका वेगळ्या डिस्कवर उतरवून बाजूला ठेवल्या. मग कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकलं आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून भाऊंचे सगळे पासवर्ड बदलले. "व्हायरस गेला, काका," ती म्हणाली, "पण कुलूप लावणारा गेला म्हणून कुलूप निघत नाही. ही डिस्क फेकू नका. कधीतरी किल्ली निघते."

नेमका तेव्हाच वाल्मीक दारात आला. नरडाण्याला कंपनीत आहे तो. "भाऊ, आई गेली," म्हणाला. "रविवारी पुण्यानुमोदन आहे. लिलाबाईचा फोटो द्या."

गिऱ्हाइकाला चार सबबी सांगणं भाऊंना अवघड नव्हतं. पण त्याच्यासमोर एकही सुचेना. "माझ्याच हाताने घालवला रे," ते म्हणाले आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

वाल्मीकने खिशातून आईचं आधार कार्ड काढलं. प्रज्ञा म्हणाली, यावरून मोठा करता येईल. तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "नको, ताई. यात ती घाबरलेली आहे. तुमच्याकडे ती हसली होती, भाऊ. घरी येऊन सांगितलं होतं तिने." कार्ड खिशात ठेवून तो निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तरी भाऊंना हलकं वाटलं असतं.

रविवारी भाऊ पुण्यानुमोदनाला वाल्मीकच्या घरी गेले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी एक जागा मोकळी सोडून तिथे फुलं ठेवली होती. वंदना चालू असताना भाऊंची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. त्यांना रडू आवरलं नाही.

नंतर ते घरोघर फिरले आणि ज्यांचे फोटो गेले होते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगत सुटले. बाकीचे उखडले, म्हातारी तानुबाई तेवढी नाही. "फोटो नई, त मी मरू कशी? काढ मंग दुसरा," म्हणाली. आता भाऊ प्रत काढून झाली की डिस्क उपटतात आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी नेतात. दर सोमवारी ती वेबसाइट उघडतात. किल्ली अजून नाही.

उन्हाळ्यात एकदा वाल्मीक पुन्हा आला. किल्लीचं विचारेल म्हणून भाऊंनी मान खाली घातली. तो मात्र थेट स्टुलावर जाऊन बसला.

"माझा काढा, भाऊ. भिंतीवरचा."

"अरे, वय काय तुझं?"

"असू द्या. आणि आजच छापून द्या, मी घरी नेणार. पोरांना आत्ताच बघू दे की."

भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला. वाल्मीक ताठ, कंपनीच्या ओळखपत्रावर असतो तसा. सवयीने भाऊंच्या तोंडून निघालं, "असा बठ की घरच्यास्ले वाटाले जोयजे, हाऊ अजून वीस वरीस कोठेच जास नई!"

वाल्मीक हसला. हसताना त्याचा डावा डोळा मिटला आणि ओठ एका बाजूला गेला. या स्टुलावर बसून लिलाबाई नेमकी अशीच हसली होती.

"काय झालं, भाऊ? काढा ना."

"हलू नको," भाऊ कसेबसे म्हणाले. "तुझी आई दिसली." आणि त्यांनी बटण दाबलं.