माझ्या गाडीचे पिवळे दिवे

मोटरसायकलला जादा दिवे लावायचं मी ठरवलं ते उसाच्या एका ट्रॉलीमुळे. बेळगावला आईकडे राहून मी एकटीच बेंगळुरूला परत निघाले होते. उजाडायच्या आधीच घर सोडलं होतं. कित्तूरच्या आसपास ती ट्रॉली माझ्यापुढे होती, मागे एकही दिवा नाही, साधा लाल कागदसुद्धा चिकटवलेला नाही. माझ्या हेडलाइटमध्ये ऊस दिसला तेव्हा मी जवळजवळ त्यात शिरलेच होते. गाडी डावीकडे मातीत घातली. पडले नाही, पण उजाडेपर्यंत तिथेच थांबले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लाइट्स लावून घेऊ या ना मग." त्याला या विषयाची हौस होती. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. त्याची स्वतःची मोठी, उंच गाडी आहे, आणि बेळ्ळंदूर-व्हाइटफील्डकडच्या गाडीवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर तो सुट्टीच्या दिवशी फिरायला जातो. लग्नानंतर मीही जायला लागले. ग्रुपच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणत. रांगेत कॅप्टन पुढे, आणि मी कायम मधे. "लेडीज सेंटर में सेफ रहते हैं," असं पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं. कोणापासून सेफ, ते मी विचारलं नाही.

दिवे मी माझे मीच निवडले. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. यशवंतपूरच्या पुढे एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल तयार होतात, त्यांचं वायरिंग तपासणं हे माझं रोजचं काम. लांब झोत टाकणारे दिवे बघितले, पसरट झोताचे बघितले. पांढरे जास्त झगझगीत दिसतात, पण धुक्यात तोच उजेड उलटून आपल्या डोळ्यांवर येतो. माझी गाडी किती वीज तयार करते आणि त्यातली किती उरते, ते काढलं. शेवटी लहानसे, पिवळे, पसरट झोताचे दोन दिवे ठरवले, खाली लेग गार्डवर बसवायचे.

"एवढे छोटे?" नवरा म्हणाला. "कॅप्टनचे बघ. समोरचा डोंगर उजळतो."

"मला डोंगर नाही बघायचा. रस्त्याची कड दिसली पाहिजे."

बसवून घ्यायला आम्ही जे. सी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. मेकॅनिक म्हणाला, हेडलाइटची वायर स्वल्प कापायची आणि तिथेच जोडायचं, झालं. मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं की तसं नको, बॅटरीवरून वेगळी वायर घ्या, वेगळा फ्यूज आणि रिले लावा, नाहीतर सगळा भार हेडलाइटच्या बटणावर येईल. त्याने माझं ऐकलं, आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "सर, मॅडम को बोलो टेन्शन नहीं लेने का."

नवऱ्याला कन्नड येत नाही. त्याने मला विचारलं, "काय म्हणत होतीस तू?"

सामान घेऊन आम्ही परत आलो आणि मी आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये स्वतः कामाला बसले. सीट काढली, टाकी उचलली, तिच्याखालून वायर नेली. प्रत्येक जोडावर आवरण चढवलं. नवऱ्याने बॅटरी धरली, चहा आणून दिला, हे मी नाकारत नाही. शेवटी समोरच्या भिंतीवर मी खडूने रेघ मारली, त्याला गाडीवर बसवलं आणि झोताची वरची कड रेघेच्या खाली येईपर्यंत दिवे वाकवत राहिले. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. बटण दाबल्यावर भिंतीच्या तळाशी आलेली ओलसुद्धा स्वच्छ दिसली. मी खूश होते. इतकी खूश की दोन-तीनदा उगाच बंद-चालू करून बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ग्रुप मूडिगेरेकडे गेला. आम्ही एका कॉफीच्या मळ्यात मुक्काम केला आणि सकाळी घाटाकडे निघालो. थोडं पुढे गेलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसेना. कॅप्टनने आपले पांढरे दिवे लावले आणि त्याच्यासमोर पांढरी भिंत उभी राहिली. त्याने हॉर्न देत सगळ्यांना थांबवलं. मी माझे दिवे लावलेलेच होते. माझ्यापुढे रस्त्याची डावी पट्टी दिसत होती, तिच्या पलीकडचं गवत दिसत होतं.

कॅप्टन चालत मागे आला. माझ्या गाडीपुढे वाकून त्याने रस्ता बघितला. "ये गाडी आगे जाएगी," तो म्हणाला.

मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. कॅप्टन माझ्या नवऱ्याजवळ गेला, दोघं काही बोलले. नवरा माझ्याकडे आला.

"अगं, गाडी मी घेतो. तू मागे बस."

"का?"

"कॅप्टन म्हणतोय, लीड करायचंय, मागे सगळे आहेत. माझी गाडी कॅप्टनच्या मागे बसून आलेला तो चालवेल. तुझे पायही टेकत नाहीत तिच्यावर."

"माझी गाडी मी चालवते ना."

"प्लीज. सगळे थांबलेत. इथे सीन नको."

सगळे खरंच थांबले होते. कोणी हॉर्न वाजवला नाही. मी उतरले आणि माझ्याच गाडीवर मागे बसले.

घाट उतरेपर्यंत मी त्याच्या कानाशी ओरडत होते. "डावीकडे राहा. पट्टी सोडू नको. पुढे वळण आहे, हळू." तो ऐकत होता. माझ्याशिवाय त्याला जमलं नसतं असं मी म्हणणार नाही. पण तो ऐकत होता.

खाली हॉटेलात सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. दिवे कुठले, कसे बसवले, असं विचारायला लागले. आणि माझा नवरा हातात चहाचा ग्लास घेऊन सांगू लागला, "हमने बॅटरी से डायरेक्ट लिया, अलग रिले डाला. दुकानवाला वायर काटने को बोल रहा था, हमने मना कर दिया." कॅप्टन मान डोलवत होता. मी समोरच बसले होते, इडली खात. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

घरी आल्यावर मी भांडले. तो खरोखर चकित झाला.

"मी 'मैंने' कुठे म्हटलं? 'हमने' म्हटलं."

"आणि गाडी?"

"अगं, एवढं काय त्यात? सुखरूप आलो ना सगळे?"

सुखरूप आलोच होतो.

मी ग्रुपबरोबर जाणं बंद केलं. माझी चौकशी झाली असेल तर ती माझ्यापर्यंत आली नाही. नवऱ्याने तसेच पिवळे दिवे आणले आणि खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं. बरेच दिवस ते तिथेच होतं. मग एका रविवारी मी ते त्याच्या गाडीवर बसवले, कारण तो अंधारातच निघतो आणि तो परत येईपर्यंत घरात जागं राहायचं असतं ते मला. पुढे ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी तसेच घेतले.

गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. दिवे बसवताना तो अडकला होता. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला, "जरा सांग ना याला."

मी सांगायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस मधेच म्हणाला, "भाभी, एक मिनट भैया को दीजिए ना, मैं समझ लेता हूँ."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, थोडं हसला, आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मी उठून आतल्या खोलीत गेले. तिथपर्यंत त्याची हाक आली.

"अगं, फ्यूज कुठल्या वायरवर? तांबड्या की काळ्या?"

मी दार लोटून घेत होते, थांबले. त्या माणसासमोर गाडीची बॅटरी उघडी असणार होती.

"तांबड्या," मी म्हटलं.

"रेड पे, रेड पे," तो बाहेर सांगत होता.